मोजून टाकलेले पाऊल

चालणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम होय. त्याला वर्गणी लागत नाही, यंत्र लागत नाही, ठरावीक वेळेचे बंधनही नाही. लागतात ती केवळ दोन धड पावले. ती पावले जोवर तक्रार करीत नाहीत, तोवर त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पायाचा अंगठा वाकडा होऊन त्याच्या मुळाशी उंचवटा आला, चप्पल टोचू लागली आणि रोजची फेरी निम्म्यावर आली, म्हणजे मग पावलाचे मोल उमगते.

तंजावूरच्या राजवाडा परिसरात हे विशेषत्वाने जाणवते. नायक राजांनी उभारलेला आणि भोसले राजांनी वाढविलेला हा राजवाडा, त्यातील सरस्वती महाल ग्रंथालय, दरबार, भोवतालच्या वीथी आणि तेथून थोड्याच अंतरावरचे बृहदीश्वराचे मंदिर, हा सारा भाग पायी फिरण्याचा आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे दैनंदिन जीवन पुष्कळसे अनवाणी चालते. पहाटे दारापुढे कोलम रेखाटताना चवड्यांवर बसावे लागते. स्वयंपाकघरात, देवघरात आणि मंदिराच्या विस्तीर्ण फरसबंद प्रांगणात पायात काही नसते. अशा ठिकाणी अंगठ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीपुढे एकच प्रश्न उभा राहतो: पुन्हा पूर्वीसारखे चालणे केव्हा जमेल? त्याचे उत्तर उत्साहावर वा धैर्यावर नव्हे, तर हाड भरून येण्याच्या गतीवर अवलंबून असते.

विकाराचे स्वरूप

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. व्यवहारात रूढ असलेला ‘बनियन’ हा इंग्रजी शब्द ऐकून अंगातील वस्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंचा काही संबंध नाही. पुष्कळजण या उंचवट्याला कुरूप समजतात, तर काहींना तेथे जास्तीचे हाड वाढले आहे असे वाटते. वस्तुतः या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. अंगठ्यामागचे तळपायातील लांब हाड हळूहळू आतल्या बाजूस, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते आणि अंगठा त्याच्या उलट, शेजारच्या बोटांकडे कलतो. दोहोंच्या सांध्याचा कोन बाहेर येतो, तोच हा उंचवटा. त्यावर पादत्राण घासले की त्वचा लाल होते, सूज येते व वेदना होतात.

यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई, मावशी किंवा आजी यांच्या पायांत हीच ठेवण दिसून येते. स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. अरुंद टोकाची आणि उंच टाचेची पादत्राणे त्यात भर घालतात. सेंट हेलेना बेटावरील रहिवाशांची एक पाहणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. जितकी अधिक वर्षे बूट वापरले, तितके अंगठा वाकडा होण्याचे प्रमाण अधिक, असे तीत दिसून आले. मात्र अनवाणी राहणाऱ्यांना हा विकार होतच नाही, असे नव्हे.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून ही शस्त्रक्रिया करू नये, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. रुंद पंजाची पादत्राणे, बोटांमधील मऊ गादी, बर्फाचा शेक आणि वेदनाशामक औषधे यांनी पुष्कळांचे निभावते. या उपायांनी अंगठा सरळ होत नाही, पण त्रास आटोक्यात राहतो. वेदनेमुळे रोजचे चालणे अशक्य झाले, दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले, किंवा सांध्याची झीज होऊ लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेत केवळ उंचवटा तासून भागत नाही. बहुतेक वेळा अंगठ्यामागचे हाड कापून, योग्य जागी सरकवून, बारीक स्क्रूने पक्के केले जाते. विकृती फार असेल किंवा पावलाच्या मध्यभागचा सांधा सैल असेल, तर तो सांधा कायमचा जोडून टाकतात. ही पद्धत डॉ. पॉल लॅपिडस यांच्या नावाने ओळखली जाते. अंगठ्याचा सांधाच झिजून गेला असेल, तर तोच जोडला जातो. मग तो वाकत नाही, पण दुखतही नाही. अलीकडे काही ठिकाणी लहान छेदांतूनही हाड कापले जाते. बाहेरची जखम लहान असली, तरी आतील हाड भरून यायला लागणारा काळ फारसा कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पद्धती भिन्न असल्याने पुढील वेळापत्रकही भिन्न असते. एकीला दुसऱ्याच दिवशी विशिष्ट बूट घालून टाचेवर उभे राहण्याची मुभा मिळते, तर दुसरीला कित्येक आठवडे पायावर भार देण्याची मनाई असते. म्हणून शेजारच्या घरातील रुग्ण किती दिवसांनी मंदिरात गेला, हा आपला मापदंड होऊ शकत नाही. आपल्या पायात कोणती शस्त्रक्रिया झाली आणि त्यावर केव्हा, किती भार द्यायचा, हे दोन प्रश्न रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी विचारून उत्तरे लिहून घ्यावीत.

नोंदीची जुनी परंपरा

लिहून ठेवण्याचा हा आग्रह तंजावूरला नवा नाही. दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल स्थापिला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करीत. औषधे सिद्ध होत, रुग्णांवर उपचार होत आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. स्वतः सरफोजीराजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करीत, असे सांगितले जाते. त्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. रुग्णाची तक्रार, केलेला उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांत आढळतात.

जंतुनाशके व भूल यांच्या पूर्वीच्या त्या काळातील उपचार आज कोणी करणार नाही. परंतु आज रुग्ण कसा आहे आणि काल कसा होता, हे स्मरणावर न सोडता कागदावर ठेवण्याची ती दृष्टी मात्र आजही तितकीच उपयोगी आहे. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बरे होण्याची गती इतकी संथ असते की रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. मग एक तर निराशा येते, नाही तर घाई होते. साध्या वहीत रोज चार रकाने भरावेत: सकाळची सूज, वेदना दहापैकी किती, किती मिनिटे चालणे झाले आणि दुसऱ्या दिवशी पायाची स्थिती काय होती. पुढील तपासणीत डॉक्टरांना ही वही रुग्णाच्या दहा वाक्यांहून अधिक सांगते.

पहिले दोन आठवडे: विश्रांती हेच काम

या काळात पाय छातीच्या पातळीपेक्षा वर राहील अशा रीतीने उशांवर ठेवावा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे पुरेसे होत नाही. दिवसाचा बहुतांश वेळ असाच घालवावा लागतो. पाय खाली सोडताच ठणका लागतो व बोटे जांभळट दिसतात. वर घेतल्यावर ते ओसरते. बँडेज कोरडे ठेवावे. अंगठा योग्य जागी धरून ठेवण्याचे कामही हे बँडेज करीत असल्याने ते घरी सोडू नये. टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

परवानगी असेल तर खास कडक तळाचा बूट घालून टाचेवर भार देत स्नानगृहापर्यंत जाता येते. काठी किंवा वॉकर वापरण्यात कमीपणा मानू नये. घोटा वर-खाली हलविणे, गुडघा ताठ करणे हे व्यायाम पलंगावरच करावेत. त्याने पोटरीतील रक्ताभिसरण चालू राहते. पाश्चात्त्य पद्धतीचे शौचपात्र घरी नसल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच खुर्चीवजा साधन आणून ठेवावे. उकिडवे बसताना सारा भार चवड्यावर येतो आणि अंगठा पूर्ण वाकतो. नेमके तेच या काळात टाळायचे असते.

तिसरा ते सहावा आठवडा: मोहाचा काळ

टाके निघतात, वेदना कमी होतात आणि घरात बसून कंटाळा आलेला असतो. हाच सर्वांत जोखमीचा काळ होय. त्वचा भरली म्हणजे हाड भरले, असा समज होतो. प्रत्यक्षात कापलेले हाड जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात, जोडलेल्या सांध्याला त्याहून अधिक. तोवर स्क्रू हाडाला धरून ठेवतात. पण त्यांची ताकद अमर्याद नसते. विशेष बूट न घालता ‘फक्त देवघरापर्यंत’ टाकलेली पावले जमत जमत फार होतात. हाड जागचे हलले, तर कधी कधी पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते.

शल्यचिकित्सकाने सांगितल्यावर अंगठा हाताने धरून हलकेच वर-खाली वाकविण्याचा व्यायाम सुरू होतो. सांधा जोडलेला असेल तर हा व्यायाम करावयाचा नसतो. इतरांनी मात्र तो चुकवू नये. पाऊल उचलताना अंगठा वरच्या दिशेने बराच वाकावा लागतो. तो ताठर झाला तर माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो आणि मग गुडघा व कंबर दुखते.

मधुमेहींनी या काळात रक्तशर्करेवर काटेकोर लक्ष ठेवावे. ती वाढलेली राहिली तर जखम उशिरा भरते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तंबाखू व धूम्रपान हाड जुळण्यात अडथळा आणतात. ती सवय शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडलेली असावी.

सहाव्या आठवड्यानंतर: पुन्हा रस्त्यावर

क्ष-किरण छायाचित्रात हाड जुळत असल्याचे दिसले की डॉक्टर रुंद, बंद बांधणीच्या बुटाची परवानगी देतात. चालण्याच्या व्यायामाचा खरा आरंभ येथून होतो. प्रथम सपाट जमिनीवर दहा मिनिटे, दिवसातून एक किंवा दोन वेळा चालावे. तीन-चार दिवस हे सुखाने जमले, तर पाच मिनिटे वाढवावीत. वेग नंतर वाढवावा. आधी अंतर, मग वेग, आणि सर्वांत शेवटी चढ व पायऱ्या, असा क्रम ठेवावा.

किती चालणे योग्य, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. चालून आल्यावर थोडी सूज येणे स्वाभाविक असते. पाय वर ठेवून रात्र काढल्यावर ती ओसरली, तर कालचे माप बरोबर होते. दुसऱ्या सकाळीही सूज वा वेदना कालच्यापेक्षा अधिक असेल, तर माप जास्त झाले. दोन दिवस मागच्या मापावर यावे. वहीतील चौथा रकाना याचसाठी आहे.

राजवाडा परिसरात राहणाऱ्यांना ही चढती भाजणी सहज आखता येते. पहिल्या काही दिवसांत घरासमोरच्या वीथीतच, दहा मिनिटांत परत येता येईल एवढी फेरी पुरे. पुढे राजवाड्याच्या महाद्वारापर्यंत, नंतर शिवगंगा उद्यानाच्या दिशेने अंतर वाढवावे. ग्रंथालय वा दालने पाहताना पुष्कळ वेळ एका जागी उभे राहावे लागते. ते चालण्याइतकेच, किंबहुना अधिक सूज आणते, म्हणून मध्ये बसून घ्यावे. राजवाड्यातील जुन्या मनोऱ्यांच्या अरुंद व उंच पायऱ्या तीन महिन्यांपर्यंत तरी टाळाव्यात. जिने चढताना प्रथम धडधाकट पाय, उतरताना प्रथम शस्त्रक्रियेचा पाय, हा नियम कठडा धरून पाळावा.

बृहदीश्वराच्या दर्शनाची ओढ सर्वांनाच असते. तेथील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्याच्यासमोर उभे राहणे हा तंजावूरकर मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय. परंतु मंदिराचे प्रांगण अनवाणी ओलांडावे लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर अनवाणी चालणे हा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे. डॉक्टरांची अनुमती मिळाल्यावर प्रथम घरातील सपाट जमिनीवर काही मिनिटे अनवाणी चालून पाहावे. मंदिरात पहाटे वा संध्याकाळी जावे. उन्हाळ्यातील दुपारी तापलेल्या दगडावर पाय भाजतो, आणि शस्त्रक्रियेनंतर अंगठ्याजवळची त्वचा काही काळ बधिर राहिली असेल तर भाजल्याचे कळतही नाही. मधुमेहींनी याबाबत विशेष सावध राहावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ओल्या फरशीवरून घसरण्याचे भय असते. त्या काळात काठी सोबत असू द्यावी.

चप्पल, जोडवी आणि बैठक

पावलाला सर्वाधिक आराम देते ती पुढे रुंद, मागे टाचेला पट्टा असलेली, लवचिक परंतु पक्क्या तळाची पादत्राणे. अंगठ्यासाठी वेगळी पट्टी असलेली कोल्हापुरी चप्पल व्रणावर घासते; अंगठा आणि दुसरे बोट यांमध्ये दोरी वा खुंटी येणारे कोणतेही पादत्राण काही महिने बाजूला ठेवावे. नवी पादत्राणे संध्याकाळी, पाऊल किंचित सुजलेले असताना घ्यावीत. सकाळी घेतलेला जोडा दुपारी घट्ट होतो. जोडवी शस्त्रक्रियेपूर्वी काढून ठेवावीत, कारण शेजारची बोटेही सुजतात. ती पुन्हा केव्हा घालायची, हे सूज पूर्ण उतरल्यावर ठरवावे.

मांडी घालून बसणे तुलनेने लवकर जमते. पण जमिनीवरून उठताना चवड्यावर जोर येतो. आरंभी आधार घेऊन, भार दुसऱ्या पायावर टाकून उठावे. कोलम काढण्यासाठी चवड्यांवर बसणे आणि भरतनाट्यमचा सराव, यांसाठी तीन ते सहा महिने वाट पाहण्याची तयारी ठेवावी. सूज तर सहा महिने, क्वचित वर्षभरही थोडीफार येत-जात राहते. तेवढ्याने शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

या खुणा दिसल्यास थांबू नये

जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, लाली पसरत जाणे, ताप, पाय वर ठेवूनही न थांबणारा ठणका, बोटे थंड वा निळी पडणे, अंगठा अचानक पुन्हा कललेला दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाच पोटरीत सूज व दुखणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. छातीत दुखू लागले वा एकाएकी धाप लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आर्थिक व कार्यालयीन तयारी

ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते, म्हणूनच तिची तयारी शांतपणे करता येते. आरोग्यविमा असल्यास ठरावीक विकारांसाठीचा प्रतीक्षाकाल पूर्ण झाला आहे का, हे आधी पाहावे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च विमा कंपन्या सामान्यतः देत नाहीत. त्यामुळे वेदनेची नोंद असलेली डॉक्टरांची टिपणे आणि क्ष-किरण छायाचित्रे जपून ठेवावीत व पूर्वसंमती लेखी घ्यावी.

निवृत्तिवेतनधारकांनी हयातीच्या दाखल्याची तारीख ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना तो सर्वसाधारणपणे नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय उपलब्ध आहे, आणि २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीद्वारे मोबाईलवरूनही दाखला देता येतो. ७० वर्षांवरील ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना कळविले आहे. आपल्या शाखेत त्याची चौकशी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. पाय उशीवर ठेवून पडलेल्या माणसाने केवळ एका सहीसाठी रिक्षात चढण्याचे कारण नाही.

नोकरदारांनीही रजेचा अंदाज व्यवस्थित बांधावा. बसून काम असेल आणि पाय वर ठेवण्याची सोय होत असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी रुजू होणे पुष्कळांना शक्य होते. दिवसभर उभे राहण्याचे वा फिरतीचे काम असेल, तर दोन-तीन महिने धरून चालावे. मोटारसायकलचा गिअर पायाच्या पुढच्या भागाने उचलावा लागतो, उजव्या पायाने ब्रेक दाबावा लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट अनुमती देईपर्यंत वाहन चालवू नये. सहकाऱ्यांनी अशा वेळी एक स्टूल टेबलाखाली सरकवून दिले, तरी ती मोठीच मदत ठरते.

घाई आणि भीती

या प्रवासात दोन चुका होतात. काहीजण फार लवकर चालू लागतात. काहीजण मात्र भीतीपोटी पुन्हा कधीच पुरेसे चालत नाहीत. पहिली चूक हाडाला महागात पडते, दुसरी साऱ्या शरीराला. न चालल्याने वजन वाढते, रक्तशर्करा चढते, तोल जातो आणि उतारवयात पडण्याचे भय बळावते. ज्या चालण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेच गमावले तर सरळ झालेल्या अंगठ्याचा उपयोग काय?

औषध जसे मोजून घ्यावे, तसेच या काळात चालणेही मोजून घ्यावे. ना अधिक, ना उणे. पाच-पाच मिनिटांची ही भर आवर्ती ठेवीसारखी असते. एका हप्त्याने काही जाणवत नाही. पण हप्ता न चुकविणाऱ्याच्या हाती काही महिन्यांनी पुन्हा पूर्ण फेरी येते, राजवाड्यापासून मंदिरापर्यंतची आणि परतीचीही.